रेल्वेचा 'शून्य' आणि दीपनगरचा धूर

पोस्ट लांबली आहे, आधीच सांगतो. पण विषय आपल्या भागाचा आहे, त्यामुळे भुसावळ, जळगाव, पाचोरा, जामनेर, रावेरवाल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही वाचून झाल्यावर द्याव्यात.

परवा गावातल्या एका ग्रुपवर हिरवंगार चित्र फिरत होतं. हिरवं इंजिन, हिरवं पान, खाली मोठ्या अक्षरांत 'नेट झिरो २०३०'. म्हणजे २०३० साली भारतीय रेल्वे हवेत जेवढा कार्बन सोडेल तेवढाच शोषला जाईल, बेरीज-वजाबाकी शून्य. चित्राखाली अंगठ्यांची रांग. एकाने लिहिलं, 'अभिमान वाटतो रेल्वेवाला असल्याचा.'

अभिमान मलाही आहे. रेल्वे क्वार्टरमध्ये जन्म गेला. वडील फायरमन होते. कोळशाच्या इंजिनावर ड्युटी करून घरी आले की आई त्यांना आधी मोरीत पाठवायची, मग चहा. कानामागची काजळी कितीही घासली तरी जायची नाही. त्या माणसाच्या पोराला रेल्वेचा धूर कमी झाला याचं वाईट वाटेल का? उलट बरंच वाटतं.

पण पत्रकाराला एक वाईट खोड असते. कुणी 'शून्य' म्हटलं की तो विचारतो, कशात कशाची वजाबाकी केली?

आधी रेल्वेचं जे चांगलं आहे ते सांगून टाकतो, म्हणजे 'तुम्हाला सगळं वाईटच दिसतं' हा नेहमीचा आहेर तरी येणार नाही. ब्रॉडगेजचा जवळपास सगळा मार्ग विजेवर आणणं ही साधी गोष्ट नाही. जगातल्या बऱ्याच श्रीमंत देशांना ते जमलेलं नाही, अमेरिकेत तर मालगाड्या अजून डिझेलवरच धावतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांना पूर्वी डब्यातल्या दिव्यांसाठी आणि एसीसाठी जनरेटरचे डबे लागायचे, ते डिझेल पीत धडधडत राहायचे. आता ती वीज थेट इंजिनाकडून घेतात. नवी इंजिनं घाट उतरताना ब्रेक लावला की वीज परत वायरमध्ये सोडतात. हे सगळं खरं आहे. आणि कोळशाच्या विजेवर धावणारी रेल्वेसुद्धा माणशी आणि टनामागे ट्रकपेक्षा, मोटारीपेक्षा कमीच धूर करते, हेही खरं. माझी तक्रार रेल्वेबद्दल नाहीच. तक्रार हिशेबाच्या वहीबद्दल आहे.

ही वही कशी लिहितात ते बघा. तुमच्या स्वतःच्या इंजिनातून, स्वतःच्या भट्टीतून निघणारा धूर म्हणजे स्कोप वन. तुम्ही विकत घेतलेली वीज बनवताना दुसरीकडे निघालेला धूर म्हणजे स्कोप टू. आणि तुमच्या धंद्यामुळे इकडेतिकडे होणारा बाकीचा सगळा धूर म्हणजे स्कोप थ्री. मग २०२५ मध्ये रेल्वेकडून सांगण्यात आलं की आम्ही पाच वर्षं आधीच शून्यावर येतोय. टाळ्या झाल्या. बारीक अक्षरांत होतं, स्कोप वनमध्ये. म्हणजे डिझेल जाळणं कमी झालं, उरलेल्यासाठी झाडं लावली, झालं शून्य. वायरमधून येते ती वीज कुठून येते, याचा त्या शून्याशी संबंध नाही.

आमच्याकडे याला एक साधं उदाहरण आहे. घरातली चूल बंद केली, भाकरी शेजारणीच्या चुलीवर थापून आणली आणि गावभर सांगितलं की आमच्या घरात धूर होत नाही. खोटं नाही बोललात. पण शेजारणीच्या डोळ्यांतलं पाणी कोणाच्या खात्यात?

ती शेजारीण आपणच आहोत, भुसावळकर.

दीपनगरच्या चिमण्या कुठूनही दिसतात. ५०० मेगावॅटचे दोन संच होते, त्यात ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला. फेकरीत, वेल्हाळ्यात जाऊन या एकदा. राखेचं काय होतं ते तिथल्या बायांना विचारा. दोरीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकून घरात घ्यावे लागतात. राखेचे डंपर जातात त्या रस्त्याच्या कडेची झाडं हिरवी नाहीत, करडी आहेत. आता रेल्वेला दीपनगरचीच वीज मिळते असं मी म्हणत नाही. ग्रीडमधल्या विजेवर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. पण देशातली वीज अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्याच आकड्यांप्रमाणे ग्रीडच्या एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २०२० साली रेल्वेने स्वतः सांगितलं होतं की वर्षाला सुमारे २००० कोटी युनिट लागतात आणि २०३० पर्यंत ही गरज ३३०० कोटींच्या वर जाईल. गुणाकार करा. २००० कोटी युनिटचे साधारण १ कोटी ४० लाख टन होतात. हा माझा ढोबळ हिशेब आहे, यात रेल्वे घेत असलेली सौर-पवन वीज वजा केलेली नाही आणि २०२० नंतर वाढलेले युनिट धरलेले नाहीत. पण अंदाज येतो ना? चित्रावरच्या शून्याच्या पोटात काय काय लपलंय ते?

आणि शेजारणीची चूल सगळीच शेजारणीची आहे असंही नाही. बिहारात नबीनगरला १००० मेगावॅटचा कोळशाचा वीज प्रकल्प आहे. एनटीपीसीचे ७४ टक्के, रेल्वेचे २६ टक्के. तो उभाच केला रेल्वेला वीज देण्यासाठी. म्हणजे चूल भागीदारीतली, पण धूर दुसऱ्याच्या नावावर.

२०२० साली घोषणा झाली तेव्हा वचन दिलं होतं की रेल्वेच्या मोकळ्या जमिनीवर २० गिगावॅट सौर प्रकल्प उभे करू, २०३० पर्यंत. २० गिगावॅट म्हणजे २०,००० मेगावॅट. मोठं स्वप्न होतं, मी तेव्हा त्याची बातमी मोठ्या मथळ्याने लावली होती, तो अंक अजून घरी आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत बसवलेली सौर क्षमता किती? ८९८ मेगावॅट. साडेचार टक्के. रेल्वे म्हणते, २०१४ मध्ये चार मेगावॅटसुद्धा नव्हते, आता बघा. बघितलं. पण पोराने दहावीला ९० टक्क्यांचं वचन दिलं आणि पहिल्या चाचणीत साडेचार आले, तर 'बालवाडीत तर शून्य होते' असं कोणता बाप ऐकून घेईल? बाहेरच्या कंपन्यांकडून सौर आणि पवन वीज घेण्याचे करार होतायत, ते चांगलंच आहे. मग ते किती युनिट, कोणत्या विभागात, हे दर वर्षी लोकांसमोर मांडा की. चित्रं कशाला फिरवता?

आता कोळशाची दुसरी बाजू, जी कुणी बोलत नाही. रेल्वे वर्षाला १६० कोटी टनांच्या आसपास माल वाहते आणि त्यातला निम्मा कोळसा असतो. भुसावळ यार्डात उभं राहून तासभर नुसते डबे मोजा. रेल्वेचा संसार कोळशाच्या भाड्यावर चालतो. कोळशाच्या भाड्यातून जो पैसा सुटतो त्यातूनच प्रवासी गाड्यांचा तोटा भरून निघतो, हे रेल्वेतला कोणताही माणूस सांगेल. मग उद्या देश खरंच कोळसा कमी करायला लागला तर रेल्वेच्या उत्पन्नाचं काय? भुसावळसारख्या गावांचं काय, ज्यांची घरं मालगाड्यांवर चालतात? लोको पायलट, गार्ड, यार्डातले पॉइंट्समन, त्यांच्या पोरांच्या फिया? यावर एक ओळ त्या हिरव्या चित्रात नाही. 'शून्य' म्हणताना सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचं नावच घ्यायचं नाही, असा हा प्रकार.

आणि हे गिऱ्हाईक किती लाडकं आहे ते २०२२ च्या उन्हाळ्यात दिसलं. वीज केंद्रांकडे कोळसा कमी पडला तेव्हा देशभरात प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या, कोळशाच्या रेकना रस्ता मोकळा हवा म्हणून. छत्तीसगडकडच्या गाड्यांना सगळ्यात जास्त फटका बसला. लग्नसराई, परीक्षा, दवाखाने, सगळं बाजूला. माणसं फलाटावर, कोळसा पुढे.

इथून पुढे आपल्या पीजेकडे येतो, कारण खरी पोस्ट त्यासाठीच लिहायला घेतली होती.

बाहेरच्यांसाठी सांगतो, पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर. अडीच फूट रुंदीची छोटी गाडी, ५६ किलोमीटर. पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर. इंग्रजांच्या काळापासून धावत होती. वेग असा की रस्त्याने सायकलवाला सोबत गप्पा मारत येईल. पण शेंदुर्णीची भाजीवाली, पहूरचा कॉलेजचा पोरगा, जामनेरहून पाचोऱ्याला मोठ्या गाडीसाठी जाणारं म्हातारं जोडपं, सगळे पंधराएक रुपयांच्या तिकिटात बसायचे. टोपल्या, कोंबड्या, खतांच्या पिशव्या, सगळ्यासकट. मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज मंजूर झालंय, बोदवडपर्यंत नेणार आहेत, चांगली गोष्ट आहे. पण तोवर?

तोवर ती माणसं घरात बसलेली नाहीत. ती काळ्या-पिवळ्या जीपमध्ये कोंबून जातात, पोरं मोटरसायकलींवर तीन-तीन जातात, काही एसटीने जातात, मिळाली तर. पीजे डिझेलवर होती. म्हणजे ती बंद झाल्यावर रेल्वेच्या वहीत डिझेल कमी झालं, धूर कमी झाला! आणि त्याच माणसांसाठी आता पन्नास जीप आणि शेकडो मोटरसायकली जे पेट्रोल-डिझेल जाळतात ते कोणाच्या वहीत आहे? कोणाच्याच नाही. जीपवाल्याच्या गॅरेजच्या उधारीच्या वहीत असेल फार तर.

माझं म्हणणं एवढंच आहे बघा. गाडी बंद करूनही ज्या हिशेबात पुण्य मिळतं, तो हिशेब चुकलेला आहे.

ओळखीचा एक जीपवाला आहे त्या रस्त्यावरचा. त्याला विचारलं, "दादा, पीजे पुन्हा सुरू झाली तर तुमचा धंदा बसेल ना?" तो म्हणाला, "भाऊ, माझी आई पीजेनेच जायची. तिला जीपमध्ये चढता येत नाही. बसू दे धंदा." त्याला स्कोप थ्री माहीत नाही. गरजही नाही.

हे फक्त पीजेचं नाही. कोविडनंतर साध्या पॅसेंजर गाड्यांना 'स्पेशल', 'एक्स्प्रेस' अशी नावं लावून कमीत कमी तिकीट १० रुपयांवरून ३० रुपयांवर नेलं. डबे तेच, इंजिन तेच, प्रत्येक स्टेशनला थांबणंही तेच. ते जुनं भाडं परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. तेही निवडणुकीच्या तोंडावर, हा योगायोग समजू. त्या चार वर्षांत किती रोजंदारीवाल्यांनी, किती अप-डाउनवाल्यांनी हप्त्याने मोटरसायकल घेतली? एकदा मोटरसायकल दारात आली की माणूस परत फलाटावर येत नाही, हप्ता सोबत येतो ना. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला गेली, पुरुषांना ४० टक्के आणि बायांना ५० टक्के होती, ती अजून परत आलेली नाही. जनरल डब्यांची अवस्था तुम्ही जाणताच. वाढवण्याच्या घोषणा झाल्यात, तोवर संडासाच्या दारात उभं राहून जळगाव ते कल्याण करायचं. पर्यावरणाचं सोडा, पाय दुखतात म्हणून माणूस ट्रॅव्हल्सकडे जातो.

सरकारी कागद काय म्हणतो माहितेय? २०१५ मध्ये पॅरिसच्या आधी भारताने जगासमोर जे वचनपत्र ठेवलं त्यात लिहिलं होतं की जमिनीवरच्या वाहतुकीतला रेल्वेचा वाटा ३६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर नेऊ. नंतर रेल्वेच्याच राष्ट्रीय योजनेने मान्य केलं की मालवाहतुकीत वाटा २७ टक्क्यांच्या आसपास उरलाय. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो ८० टक्क्यांच्या वर होता. खरं 'नेट झिरो' इथे आहे! एक ट्रक रस्त्यावरून उचलून रुळावर आणला तर जे वाचतं ते स्टेशनच्या छतावरच्या दहा पॅनलने वाचत नाही. पण हा आकडा हिरव्या चित्रावर येत नाही, कारण तो उलटा चाललाय.

रावेर-सावद्याच्या केळीवाल्यांना विचारा. एके काळी रावेर, निंभोरा, सावदा स्टेशनांवरून केळीचे डबे दिल्लीला जायचे. मग डबे वेळेवर मिळेनात, मिळाले तर गाडी वाटेत बाजूला काढून ठेवलेली, माल पिकून काळा. शेतकरी ट्रकवर गेला. ऑगस्ट २०२० ला किसान रेल्वे आली, पहिली देवळाली ते दानापूर, भाड्यात निम्मी सवलत. रावेरहून केळीच्या गाड्या भरून दिल्लीला गेल्या. लोक परत रुळाकडे आले. मार्च २०२२ नंतर सवलत गेली आणि मग गाड्याही हळूहळू गेल्या. आता पुन्हा हजार-अकराशे किलोमीटर ट्रक, डिझेल, टोल, वाटेतली चहापाणी. ट्रक बांधावर येतो आणि मंडीच्या दारात उतरतो, रेल्वे तसं करू शकत नाही, हे मान्य. पण ज्या दोन वर्षांत करून दाखवलं ते पुढे का नाही?

आणि विरोधाभास बघा. हवामान बदलाचा पहिला दणका याच केळीवाल्याला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की घड काळे पडतात, पानं फाटतात. जूनच्या वादळात उभी बाग झोपते. मग हवामान आधारित पीक विम्याच्या निकषांत अर्ध्या डिग्रीने बसलो की नाही यावर भांडत बसायचं. धुराची किंमत तो भरतोय आणि धूर कमी करणाऱ्या गाडीत त्याच्या मालाला जागा नाही.

झाडांबद्दल दोन शब्द, कारण ती वजाबाकीत धरलेली आहेत. पावसाळ्यात रुळालगत खड्डे, रोपं, फोटो. पुढच्या मे महिन्यात त्याच जागेवर लोखंडी जाळी उभी असते आणि आत काटकी. लावलेल्या झाडांचा आकडा सगळे देतात, जगलेल्यांचा कुणी देत नाही. ज्या झाडाला भुसावळच्या उन्हात पाणी घालायला माणूस नेमलेला नाही, ते झाड कार्बन कसं शोषणार?

आता काही मित्र म्हणतील, 'भाऊ, देशाचं लक्ष्य २०७० चं आहे, रेल्वे ४० वर्षं आधी करतेय, कौतुक करा, खोट काढू नका.' करतो कौतुक. फक्त आकडा पूर्ण द्या. रेल्वे हे सरकारी खातं आहे, खासगी कंपनी नाही की तिने छान दिसेल तेवढंच छापावं. प्रत्येक विभागाने दर वर्षी छापावं: किती युनिट वीज घेतली, त्यातली कोळशाची किती, किती प्रवासी रस्त्यावरून आले आणि किती रस्त्यावर गेले, किती पॅसेंजर फेऱ्या बंद झाल्या. हे कुठल्या शास्त्रज्ञाचं काम नाही, आपल्याच डीआरएम ऑफिसातल्या बाबूंकडे हे सगळे आकडे पडून आहेत. आणि आपले खासदार-आमदार, जे प्रत्येक नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवायला सगळ्यात पुढे असतात, त्यांनी संसदेत, बैठकीत एवढंच विचारावं: पीजेचं ब्रॉडगेज कोणत्या महिन्यात धावणार, आणि केळीचे डबे रावेरला पुन्हा कधी लागणार. झेंडा नंतर दाखवा.

वडील गेले २०१४ मध्ये. शेवटी शेवटी त्यांना छातीचा त्रास होता, डॉक्टर म्हणाले जुनी काजळी आहे. त्यांच्या फुप्फुसातला कोळसा कुठल्याच वहीत चढला नाही. म्हणून मला हे 'बाहेरचा धूर आमचा नाही' प्रकरण जरा जास्त लागतं, एवढं समजून घ्या.

पीजेचं जुनं तिकीट, जुना फोटो, रावेर-सावद्याला भरलेल्या केळीच्या डब्यांचा फोटो कोणाकडे असेल तर खाली टाका. आणि शेंदुर्णी-पहूरवाल्यांनी आज जीपला किती रुपये देतात तेही लिहा. मी यादी करतोय. पुढच्या आठवड्यात ती घेऊन पाचोऱ्याला जायचंय.